खणातल्या वन्सं

कानात वायर घालून स्वयंपाक करणे किती जोखमीचे आहे, हे मला ओट्याखालच्या ट्रॉलीच्या मुठीने शिकवले. इअरफोनची वायर त्या मुठीत अडकते, आपण पोळपाटाकडून सिंककडे वळतो आणि क्षणार्धात बोंडे कानातून, फोन ओट्यावरून आणि पुढची तान गायकाच्या गळ्यातून निसटते. गेल्या श्रावणात असाच माझा फोन कणकेच्या परातीत पालथा पडला. फोन वाचला, परंतु त्याच्या चार्जिंगच्या भोकात गेलेली कणीक मी टाचणीने कोरून काढत असताना मुलाने ते दृश्य पाहिले आणि दोनच दिवसांत घरी एक पार्सल आले. त्यात वायरलेस स्टिरिओ हेडसेट होता.

“आई, आता वायरच नाही. सुटलीस,” असे मुलगा म्हणाला.

हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. हेडसेट गळ्यात अडकवायच्या प्रकारातला, म्हणजे नेकबँड, असल्यामुळे त्याच्या दोन टोकांपासून दोन कानांपर्यंत दोन बारीक वायरी होत्याच, आणि चार्जिंगसाठी खोक्यात वीतभर लांबीची तिसरी वायर होती. जुन्या इअरफोनची एक वायर टाळण्यासाठी मी तीन वायरींची मालकीण झाले. हे मी मुलाला बोलून दाखवले नाही, कारण त्याने पैसे स्वतःचे घातले होते.

नेकबँड गळ्यात घालून मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्रावरून नजर उचलून “कोणाला तपासायचं आहे?” एवढेच विचारले. शेजारच्या काकूंनी मात्र गंभीर चेहरा करून माझा हात हातात घेतला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात, “अगं, वयोमानाने होतंच ऐकायला कमी, त्यात लाजायचं काय?” असा धीर दिला. तो धीर तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला असावा, कारण नंतरचे चार दिवस जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्याशी सावकाश आणि ओठ ठळक हलवून बोलत होता.

यंत्र आणि फोन यांची ओळख करून देण्याच्या विधीला पेअरिंग म्हणतात. बटण दाबून धरायचे, लाल आणि निळा दिवा आळीपाळीने लुकलुकू लागला की सोडायचे, आणि मग फोनवर आलेल्या यादीतून आपले यंत्र निवडायचे. त्या यादीत आमच्या इमारतीतील निम्मी संसारोपयोगी उपकरणे होती. मी चश्मा न लावता जे नाव दाबले ते समोरच्यांच्या टीव्हीचे निघाले, त्यांच्या पडद्यावर माझ्या फोनची जोडणीची विनंती झळकली आणि त्यांच्या सूनबाई, “काकू, काही हवं होतं का?” असे विचारायला दारात उभ्या राहिल्या.

या सगळ्या व्यवहाराला ब्लूटूथ हे नाव का, असे मी मुलाला विचारले. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा एक राजा होता, त्याला ‘निळा दात’ असे टोपणनाव होते, त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे ही राज्ये जोडली, म्हणून वेगवेगळी यंत्रे जोडणाऱ्या या तंत्राला १९९७ साली एका अभियंत्याने तात्पुरते म्हणून त्याचे नाव सुचवले आणि तेच कायमचे चिकटले. ब्लूटूथचे चिन्हही त्या राजाच्या नावाची जुन्या लिपीतली दोन आद्याक्षरे एकत्र करून काढलेले आहे. कानाच्या यंत्राला दाताचे नाव कसे पडले, हे कोडे अशा रीतीने सुटले. परंतु राजाने दोन देश जोडले म्हणून आमचे घर जोडले जाईल, असे मात्र झाले नाही. झाले ते उलटेच. मुलाने यंत्राची चाचणी ह्यांच्या लॅपटॉपवर घेतली होती, आणि यंत्राने ती पहिली ओळख मनात धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भूप ऐकावा म्हणून मी बटण दाबले, तर “कनेक्टेड” अशी घोषणा झाली आणि कानात एक गृहस्थ “या पातळीला नफावसुली करून बाहेर पडा” असे सांगू लागले. त्याच वेळी आतल्या खोलीत शेअर बाजाराचा सल्ला ऐकत बसलेले हे, आवाज अचानक गेला म्हणून लॅपटॉपला थोपटत होते. मी बाहेर पडले नाही. त्यांनाही पडता आले नाही, कारण कोणता समभाग, हे ऐकायच्या आधीच आवाज माझ्याकडे आला होता.

स्टिरिओ या शब्दाचेही मला मोठे अप्रूप होते. आवाज दोन स्वतंत्र वाहिन्यांवरून येतो, त्यामुळे डावीकडचे वाद्य डावीकडे आणि उजवीकडचे उजवीकडे ऐकू येते, हे खोक्यावर लिहिले होते. मी मोठ्या उत्कंठेने बालगंधर्वांची जुनी नाट्यपदे लावली आणि दोन्ही कानांत तंतोतंत एकच गोष्ट ऐकू आली. यात यंत्राचा दोष नव्हता. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या तबकड्यांवर, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत, जे काही मुद्रित झाले ते एकाच वाहिनीवर. म्हणजे माझ्या आवडीच्या संगीतापैकी अर्ध्याहून अधिक संगीतासाठी मला दोनपैकी एक कान पुरत होता. पुढे एक अलीकडची मैफल लावली, तेव्हा स्टिरिओ म्हणजे काय ते कळले: डाव्या कानात पेटी, उजव्या कानात तबला आणि मधोमध, कपाळाच्या मागे कुठेतरी, गायक बसलेला. फक्त माझ्या उजव्या कानाचे भोक डाव्यापेक्षा किंचित मोठे असावे, असा शोध त्या दिवशी लागला. कारण मी खाली वाकून कांदे काढायला गेले की उजवे बोंड निसटे आणि तबलजी मैफलीतून उठून जाई. खोक्यात तीन मापांची रबरी बोंडे होती. सर्वांत मोठे लावल्यावर तबलजी टिकला, पण मग कान इतका घट्ट बंद झाला की चिवड्याचा एक घास खाताना डोक्यात खडी फोडण्याचे यंत्र सुरू झाल्यासारखे वाटे.

कान बंद असण्याचे परिणाम मला सोडून इतर सर्वांना ताबडतोब कळले. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, ही गोष्ट लोंबार नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवून ठेवली आहे. माझा गोंगाट केवळ माझ्याच कानात होता, त्यामुळे मी अगदी प्रेमाने म्हटलेले “अहो, कोथिंबीर आणता का?” हे वाक्य ह्यांना धमकीसारखे ऐकू गेले. ते एक शब्द न बोलता दोन जुड्या घेऊन आले. येथवर मी यंत्रावर प्रसन्नच होते.

परंतु कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार, हा प्रश्न उरला. तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करायचा, हा आमच्या घरातील वरणाचा नियम आहे. मी मारवा रागात बुडालेली असताना नेमक्या किती झाल्या हे सांगता येणार नाही, पण डाळीने तळ धरला होता आणि स्वयंपाकघरात जळका वास भरला होता, म्हणजे त्या तीन खासच नव्हत्या. त्या वरणाला पर्याय म्हणून कालची उसळ मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर मारवा अडखळू लागला. या दोघांचे भांडण का, हे मुलाने मला नंतर समजावले. ब्लूटूथ ज्या लहरींवर चालते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्ह उसळ तापवतो त्याही त्याच शेजारात. भट्टीतून थोडीशी गळती झाली तरी तिच्या गदारोळात हेडसेटचा कुजबुजीएवढा आवाज बुडतो. म्हणून ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. त्या पट्ट्याचे ७९ कप्पे करून एका सेकंदात १६०० वेळा या कप्प्यातून त्या कप्प्यात उड्या मारते. अशा उड्या मारून संदेश पाठवण्याच्या एका युक्तीचे पेटंट १९४२ साली हेडी लामार या चित्रपट अभिनेत्रीला एका संगीतकाराबरोबर मिळाले होते, हे ऐकून मला बरे वाटले. तरीसुद्धा सेकंदाला १६०० उड्या मारणारे हे तंत्र एका वाटी उसळीपुढे हरले, हे सत्य राहतेच. फोन कमरेला मागच्या बाजूला खोचला तरी ते असेच अडखळते, कारण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस हा बराचसा पाणीच असतो. माझ्या बाबतीत पाणी जरा अधिक विस्तारावर पसरलेले आहे.

आता वन्संविषयी. आमच्या थोरल्या वन्सं सांगलीला असतात आणि दुपारी तीनच्या सुमारास त्यांचा फोन येतो. एका दुपारी तो आला, मी उचलला, कानाला लावला, तर पलीकडे शुकशुकाट. मी “हॅलो, वन्सं” असे सहा वेळा म्हणाले. पडद्यावर सेकंद मात्र पुढे सरकत होते. शेवटी संशय येऊन मी आतल्या खोलीत गेले आणि टेबलाचा खण उघडला. सकाळी बटण बंद न करता ठेवलेला नेकबँड जुनी वीजबिले, रबरबँड आणि शाई संपलेल्या पेनांच्या मधे पडला होता, आणि त्याच्या बोंडातून डासाएवढ्या आवाजात वन्सं बोलत होत्या. हेडसेट चालू असेल आणि आठ-दहा मीटरांच्या आत असेल, तर मालकिणीचे कान तेथेच आहेत असे फोन गृहीत धरतो. मग ऐकायचेही तिकडून आणि बोलायचेही तिकडेच. मी बोंड कानाला लावले तेव्हा “... पण मी म्हणते, आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?” या वाक्यापर्यंत त्या आल्या होत्या. दीड मिनिट त्यांनी आपल्या सुनेची हकीकत आमच्या वीजबिलांना सांगितली होती आणि श्रोता बदलल्याची त्यांना दादही नव्हती. मी “हो ना” म्हणाले आणि संभाषण सुरळीत पुढे गेले.

हे पुन्हा होऊ नये म्हणून मुलाने एक गोष्ट शिकवली. दोन्ही बोंडांच्या पाठीला चुंबक आहेत. ती एकमेकांना चिकटवली की यंत्र झोपते. हा गुण चुंबकांनी फार मनावर घेतला. पुढच्याच आठवड्यात वन्संच्या नातवाच्या मुंजीचा विषय ऐन रंगात आला असताना कुकरची शिट्टी ऐकावी म्हणून मी दोन्ही बोंडे कानातून काढून पदरावर सोडली. एक बोंड पदराच्या सेफ्टी पिनेला चिकटले, दुसरे त्याला येऊन भिडले, टक असा आवाज झाला आणि वन्सं “आमंत्रण मात्र सगळ्यांना...” या शब्दांवर तुटल्या. मी फोन त्यांच्या तोंडावर आपटला, असा त्यांचा समज झाला. तीन दिवस दुपारचे तीन वाजले, पण फोन वाजला नाही. चौथ्या दिवशी मीच फोन करून डेन्मार्कच्या राजापासून सेफ्टी पिनेपर्यंतचा सगळा इतिहास त्यांना निवेदन केला. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, “कितीला पडलं गं ते?”

आठवड्याभरात त्यांच्याकडेही नेकबँड आला. मीही मानापमानाच्या धास्तीने बोंडे आता एकमेकांपासून लांब ठेवते. परवा दुपारी तीनला फोन वाजला, मी उचलला, पलीकडे शुकशुकाट. मी खणाकडे धावले. खण उघडला, बोंड कानाला लावले, तरीही शुकशुकाट. मग बऱ्याच वेळाने त्या शुकशुकाटातून लाकूड घासल्याचा आवाज आला, काही डब्या खडखडल्या आणि धापा टाकत वन्सं म्हणाल्या, “सापडलं! देवघराच्या खणात होतं. तू कुठं होतीस?”

फोनच्या पडद्यावर एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते.