पैलवानाचं घराणं

लोक आधी विचारतात, "चावत नाही ना?" त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पैलवान चावत नाही, भुंकत नाही, कुणाच्या अंगावर झेपावत नाही. पार्किंगमधलं मांजर समोरून आलं तर बाजूला सरकून त्याला वाट देतो. आमच्या वॉचमननं त्याला लगेच ओळखलं. म्हणाला, "ताई, हा चोराला पाणी विचारंल." माझा छळ सुरू होतो तो दुसऱ्या प्रश्नापासून.

"ब्रीड कोणतं?"

माणसांच्या बाबतीत हे काम आडनाव, मूळ गाव, "म्हणजे तुम्ही त्या अमक्यांपैकी का" अशा आडवळणानं करावं लागतं. कुत्र्याच्या बाबतीत थेट विचारायची सोय असल्यानं आमच्या सोसायटीला फार मोकळं वाटतं.

शेल्टरमध्ये त्याच्या कुळाची चौकशी कुणीच केली नव्हती. चौकशी झाली ती आमची. घर स्वतःचं की भाड्याचं, गावाला गेलात तर याला कोण सांभाळणार, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का. मग कॉलेजातली एक मुलगी घर बघायला आली. तिनं गॅलरीचं ग्रिल हलवून पाहिलं, फिनाइलची बाटली कुठे असते ते विचारलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?" इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. "टीव्हीचा आवाज वाढवतो," ते शेवटी म्हणाले. मुलीनं ते लिहून घेतलं.

नाव आम्ही ठेवलेलं नाही. सापडला तेव्हा नुसत्या बरगड्या होत्या, म्हणून तिथल्या पोरांनी पैलवान म्हणायला सुरुवात केली. आता अंगानं भरलाय, पण स्वभाव बरगड्यांच्या काळातलाच आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर "पैलवान, चल घरी!" अशी हाक मारली की पुढे चालणारे एकदोन गृहस्थ वळून बघतात. एकजण तर थांबलेही होते.

त्या मुलीनं जाताना तीनाचं गणित सांगितलं होतं : पहिले तीन दिवस कुत्रं बावरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची घडी त्याला कळते आणि हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने लागतात. घाई करू नका, पाहुणे बोलावू नका. पाहुणे बोलवावे लागत नाहीत हे तिला कुठून माहीत असणार! पैलवान दिवाणाखाली आणि अख्खा मजला गुडघ्यांवर, असं दृश्य होतं. दिवाणाखालून नाकाचा शेंडा आणि एक पंजा दिसायचा. तेवढ्या ऐवजावर संशोधन सुरू झालं.

पंजा बघून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, लॅब्रॅडॉर. पुढे सगळा कुत्रा बाहेर आल्यावर मराठवाड्यातून आलेल्या व्याह्यांनी शेपटी पाहून कारवान म्हणून निकाल दिला. समोरचे निवृत्त साहेब सगळ्या गोष्टी देवळाली कॅम्पापर्यंत नेऊन पोचवतात. त्यांच्या मते बाप नक्की लष्करातला. "नजर बघा, नजर!" पैलवान तेव्हा झुरळ आलं म्हणून माझ्या मागे उभा होता.

त्याच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करतात तेव्हा पुन्हा तेच कुत्रं पकडलं जाऊ नये म्हणून ती खूण करतात. हे मी सगळ्यांना सांगते. त्यावर साहेब मला समजावतात, "अहो, डॉबरमनचे कान कापून घेतात तसं असेल. जातिवंताचंच करतात."

तळमजल्यावरचे काका दर गुरुवारी गोदाघाटावर एकमुखी दत्ताला जातात. त्यांना मी एकदा म्हटलं, "काका, दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांचं ब्रीड कोणतं हो?" काका म्हणाले, "ते कुत्रे नव्हेत, ते चार वेद आहेत." मग मी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा काढला. "तो यमधर्म होता," काका म्हणाले. म्हणजे तिथेही घराणं निघालंच.

निफाडच्या मामांना मात्र ब्रीडशी देणंघेणं नाही. ते हंगामात द्राक्षांचा क्रेट घेऊन आले आणि पहिला घोस पैलवानापुढे धरला. मी अक्षरशः झडप घातली. द्राक्षांनी, बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा काही ठरावीक हिशेब नाही. मामांचा चेहरा पडला. "आमचा माल युरोपात जातो," ते म्हणाले, "आणि तुझ्या कुत्र्याला चालत नाही?" मग जरा वेळानं, आशेनं, "कांदा?"

कांदा तर नाहीच. कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. मामांच्या शेतात या दोन पिकांपलीकडे काही नाही. नाशकात राहून द्राक्ष नाही, कांदा नाही, म्हणजे मिसळही नाही, असा प्राणी त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता. "मग याला इथे आणलंच कशाला?" म्हणाले. रविवारी मिसळीचं पार्सल येतं तेव्हा नवऱ्याची जमिनीवर सांडलेला कांदा वेचायची ड्युटी असते. त्या दिवशी टीव्हीचा आवाज मोठा असतो.

राहता राहिले सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं सौम्य होतं : ब्रीडचं कुत्रं असेल तर हरकत नाही, गावठी नको, आणि लिफ्टमधून तर नकोच. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेल्या. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात होतं. सेक्रेटरींनी कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि फाइलला लावला. तेव्हापासून आम्ही लिफ्टमध्ये शिरलो की ते जिन्यानं जातात.

परवा रेबीजच्या बूस्टरहून परतताना मात्र ते आधीच लिफ्टमध्ये होते आणि दार बंद झालं. पैलवान कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. सेक्रेटरी दुसऱ्या कोपऱ्यात, तसेच. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं लसीकरणाचं पुस्तक वाचायला घेतलं. ब्रीडच्या रकान्यात डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीनं 'नॉन-डिस्क्रिप्ट', म्हणजे ठरावीक अशी कुठलीच जात नाही, असं लिहिलं होतं.

सेक्रेटरींनी ते पुटपुटत दोनदा वाचलं. मग पैलवानाकडे कानापासून शेपटीपर्यंत नव्यानं पाहिलं.

"बाहेरचं दिसतंय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कितीला पडलं?"

"फुकट मिळाला," मी म्हटलं.

"नसेल सांगायचं तर राहू द्या," सेक्रेटरी म्हणाले.