‘ऊसतोड पोरींना पॅड देऊ नका’ म्हणणाऱ्यांसाठी

ऊसतोड मुलींना सॅनिटरी पॅड देऊ नका, असं सांगणारा एक मेसेज माझ्या आत्याने परवा पाठवला. वर शेरा: “बघ गं, तुम्ही पोरींना आजार वाटताय.” गळीत हंगामात बीडहून कोल्हापूरकडे, शिरोळ-करवीर भागात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांवरच्या मुलींसाठी आम्ही काही जणी पॅड गोळा करतो. आत्या दरवर्षी पैसे देते, यंदा तिने हात आखडता घेतला. बचत गटांच्या ग्रुपवरही तोच मेसेज फिरतोय, तेव्हा एकदाच उत्तर देऊन टाकते.

मेसेज म्हणतो, पॅडमधल्या जेलने गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. साफ खोटं. हा कॅन्सर जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जेलचं काम ओल धरून ठेवायचं. बाळाच्या डायपरमध्येही तेच असतं. आता एक गोष्ट मान्य करावी लागेल. 2022 मध्ये दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या पर्यावरण संस्थेने बाजारातले दहा पॅड तपासले, तेव्हा त्यांत थॅलेट्ससारखी (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती) रसायनं सापडली होती. कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण ती तपासणी पॅडची होती, बायकांची नव्हे. त्यातून ‘कॅन्सर होतो’ काढायचं म्हणजे कमाल आहे.

पुढचं वाक्य वाचून मात्र डोकं फिरलं: “ऊसतोड बायका पिशवी काढूनच येतात, त्यांना पॅड कशाला?” बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 साली पाहणी झाली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा भयंकर आहे. पण उरलेल्या अडुसष्ट हजारांवर बायकांतल्या कित्येकींना दर महिन्याला पाळी येतेच ना? आणि आईबापाच्या कोयत्याबरोबर आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरींचं काय? पिशव्या का काढल्या, तेही बघा. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, एक दिवस कामाला गेलं नाही की खाड्याचा दंड, डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. त्यात डॉक्टरने सांगायचं, काढली नाही तर कॅन्सर होईल. त्या वेळच्या बातम्यांत बायकांनी स्वतः हे सांगितलंय. ज्या भीतीने त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं, तीच भीती आता त्यांच्या मुलींचे पॅड बंद करायला वापरताय!

“आपल्या आज्या कापडच वापरायच्या.” वापरायच्या की. कापडात वाईट काही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 24 वयाच्या जवळपास निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलंय. पण आजीला परसात पाणी होतं, दोरी होती, ऊन होतं. पालावर न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचं, पहाटे चारला फडात जायचं. एका मुलीने कापड परकराखाली, तेही खोपीच्या आत वाळत घातलेलं मी पाहिलंय. हाताला दमटच लागत होतं. ते तसंच पुन्हा वापरायचं.

“सरकार एक रुपयात देतंच.” जनऔषधी केंद्रात 2019 पासून मिळतो खरा. ते केंद्र शहरात, टोळी उसात. 2018 च्या ‘अस्मिता’ योजनेत पाच रुपयांत आठ पॅड होते, पण जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींसाठी. टोळीवरच्या पोरीचं नाव हजेरीपटावर असलंच तर बीडच्या शाळेत, आणि ही इथे मोळ्या बांधतेय.

“फुकटची सवय लागते.” यावर मी शब्द खर्च करणार नाही.

राहिला कचरा. हे मात्र बरोबर आहे, पाचटात फेकलेले पॅड मीही पाहिलेत. म्हणून पाण्याची सोय असेल तिथे आम्ही शिवलेले कापडी पॅड देतो, साबण आणि दोरीसकट. इतर ठिकाणी साधे पॅड आणि गुंडाळायला जुने पेपर. सोबत निकर लागतातच. कित्येक पोरींकडे धड एकही नसते, मग पॅड चिकटवायचा कशाला? आत्या, तुझे पैसे गेल्या साली निकरांनाच गेले होते.