एका पायाची सँडल

आज दुपारी नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका हॉलमध्ये परदेशातल्या पूरग्रस्तांसाठी जमलेलं सामान लावायचं काम चाललं होतं. त्यातलं एक खोकं उघडलं. वर लोकरीचे दोन स्वेटर, खाली जरीची शेरवानी, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीचा डबा आणि तळाशी सोनेरी टाचेची सँडल. एकच, डाव्या पायाची. अख्खं खोकं उपसलं तरी उजवी सापडली नाही. शेजारी साबण-टूथपेस्टच्या पिशव्यांचा ढीग होता आणि प्रत्येक पिशवीला सुवार्तेची, म्हणजे येशूचा संदेश सांगणारी पत्रिका स्टेपल केलेली होती. तीही मराठीत! तिकडे ती वाचणार कोण?

ज्यांनी दिलं त्यांचं मन चांगलंच आहे, ते आपण सगळे जाणतो. पण पूरग्रस्ताला मनाचं काय करायचंय? त्याला पाणी हवंय.

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. तिकडे इंडोनेशियातल्या आचेमध्ये सुमारे 4000 टन औषधं येऊन पडली. बरीचशी तिथल्या लोकांना वाचताच न येणाऱ्या भाषेतली, कित्येक त्यांच्या उपयोगाची नसलेली. अशी औषधं नुसती फेकून देता येत नाहीत, ती नीट नष्ट करावी लागतात. म्हणजे ज्याचं घर वाहून गेलं त्यानेच आपला कचरा जाळायचा, तोही स्वतःच्या खर्चाने. कपड्यांचंही तेच. बंदरावर उतरवायला मजूर, कस्टमचे कागद, ठेवायला कोरडं गोदाम, मग बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे वेगळे करायला माणसं. त्या दिवसांत गोदाम आणि माणसं याच दोन गोष्टी सगळ्यात दुर्मिळ असतात, आणि आपली सँडल त्यातली जागा अडवते.

दूध पावडरीचा तो डबा तर सँडलीपेक्षा वाईट. सँडलीने कोणी मरत नाही. पावडर कालवायची कशात? त्याच गढूळ पाण्यात. बाटली उकळायला इंधन नाही. बाळाला जुलाब लागतात, आणि डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असतं. मदतकार्यातली जाणती माणसं म्हणूनच असे डबे सरसकट वाटू देत नाहीत. आईला खायला द्या, प्यायला स्वच्छ पाणी द्या, आडोसा द्या, ती बाळाला पाजेल.

आता पाण्याचं. माणशी दिवसाला निदान 15 लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं आलं. नुसत्या पिण्याच्या बाटल्यांनी हे कधीच भागत नाही. ब्लीचिंग पावडर सगळ्यांना ठाऊक आहे, वापरताना मात्र घोळ होतो. साधारण 30 टक्के क्लोरीनवाली ताजी पावडर 33 ग्रॅम घ्या, लिटरभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी म्हणजे 1 टक्क्याचं द्रावण. स्वच्छ दिसणाऱ्या 20 लिटर पाण्याला त्यातलं 4 मिली, म्हणजे चहाचा चमचा काठोकाठ भरत नाही इतकं. अर्धा तास थांबायचं, मग तपासायचं. लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं तर ठीक, नाही तर मात्रा वाढवायची. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळायचं, कारण क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं आणि जंतू राहतात तसेच. आणि पावडरीचं पोतं उघडं, दमट हवेत राहिलं की तिचा जोर जातो. लोक तोच चमचा टाकत राहतात आणि वास येतोय ना, म्हणून निर्धास्त राहतात.

भांडं रुंद तोंडाचं नको, हात बुडतो. अरुंद तोंडाचा झाकणाचा कॅन हवा. 20 लिटरचा भरलेला कॅन 20 किलोचा होतो आणि तो बहुधा बाई नाही तर पोर वाहतं, म्हणून 10 लिटरचे दोन बरे. आपल्या याद्यांत कॅन नसतोच. याद्यांत ‘कपडे व इतर साहित्य’ असतं.

ताडपत्रीचंही असंच. घाऊक बाजारातली पातळ निळी नको. 4 बाय 6 मीटरची, कडेला पट्टी शिवलेली, उन्हाला टिकणारी घ्या, आणि सोबत दोरी द्या. दोरी कायम राहून जाते. वाऱ्याने कडी फाटली तर ताडपत्री टाकून द्यायची नाही. लिंबाएवढा गोटा कोपऱ्यात गुंडाळायचा, त्याच्या मानेला दोरी आवळायची. तो गोटा कडीपेक्षा जास्त ओढ सोसतो. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर धरा. हे सांगणाऱ्या माणसाची गरज एका पत्रिकेपेक्षा जास्त असते.

हो, पत्रिका. तिच्यावरच जास्त राग आहे.

कोणी म्हणेल, आपण ख्रिस्ती, ख्रिस्ताची साक्ष देणं हे आपलं कामच आहे. मान्य. पण साबणाला स्टेपल करून? हातात बादली नसलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येतं का? 1994 मध्ये मदतकार्याची आचारसंहिता ठरली. मदत गरजेप्रमाणे, कोणाचा धर्म न पाहता, आणि तिच्या आडून कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटायचा नाही. रेड क्रॉसच्या बरोबरीने हे पुढे आणणाऱ्यांत कॅथोलिकांची कॅरितास होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशन होतं, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होतं. आपलेच लोक! ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा दुष्काळापासून आपल्या आजे-पणज्यांनी ऐकला. आता तोच टोमणा दुसऱ्या देशातल्या विश्वासणाऱ्यांच्या पदरात बांधायचा? आपण फोटो काढून परत येणार. शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहायचंय त्यांना.

आणि पोरं. पोरांचं लिहिताना बोटं थरथरतात. हैतीत जानेवारी 2010 मध्ये भूकंप झाला. त्याच महिन्यात 10 अमेरिकन बाप्टिस्ट 33 मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पोचले. कागदपत्रं नव्हती, म्हणून अडवले. अनाथ म्हणून नेत होते, त्यातल्या अनेकांचे आईबाप जिवंत निघाले. आपत्तीत एकटं दिसणारं पोर अनाथच असतं असं नाही, बहुतेक वेळा ते नुसतं चुकलेलं असतं. आधी त्याचं नाव, गाव, अंगावरचे कपडे, कुठे सापडलं ते लिहायचं, फोटो काढून सरकारी नोंदीत द्यायचा, घरचे शोधायचे. गावाबाहेर हलवायचं नाही. देशाबाहेर तर नाहीच नाही. प्रेमाने नेलं म्हणून त्या आईचं पोर हरवलेलं राहत नाही का?

थोडा चहा घेतला. आता जरा शांतपणे.

आपल्याच शरणपूरची गोष्ट बघा. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आली, शाळा शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. नाशिकची ही मुलं आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होती. 1873 मध्ये तो वारल्यावर ज्यांनी त्याचं शव मैलोन् मैल किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं, त्यांत जेकब वेनराइट होता, इथे शिकलेला. शव गेलं तेव्हा तो इंग्लंडलाही गेला. आफ्रिकेत मोम्बासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, तिथेही इथून गेलेली माणसं होती. त्यांच्या हातात कसब होतं, तोंडात भाषा होती, आणि तो मुलूख त्यांच्या रक्ताचा होता. पंधरा दिवसांचा व्हिसा आणि एकसारखे टी-शर्ट घेऊन ती गेली नव्हती. ते सगळं मिशन सोन्यासारखं होतं असं नाही, साहेबाचा साहेबपणा त्यातही होताच. पण एकाला तरी उपयोगी कसं पडायचं ते ठाऊक होतं.

गोदावरीला पूर आला की आपण मीटर विचारत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच विचारतो. कमरेपर्यंत म्हटलं की कुठली दुकानं रिकामी करायची ते कळतं. बाहेरून आलेल्या कुठल्याही टीमला हे कळणार नाही. तसा प्रत्येक गावाला आपला दुतोंड्या मारुती असतो, आणि तो तिथल्या पाळकाला, नर्सला, रिक्षावाल्याला माहीत असतो. तिथली मंडळी छोटी असेल, चर्च पत्र्याचं असेल, पण कुठल्या गल्लीत म्हातारी एकटी राहते हे त्यांना विचारावं लागत नाही. चर्चमधूनच मदत पहिल्यांदा पोचते अशा जागा जगात पुष्कळ आहेत, तेही मान्य. मग पैसे त्यांना द्या ना! दहा जण जायचे तर माणशी चाळीस हजार भाडं धरा, चार लाख तिथेच उडाले. शिवाय दहा जणांचं रोजचं 150 लिटर पाणी त्यांच्याच टाकीतून जाणार. डॉक्टर, पाण्याचा इंजिनिअर, गवंडी असेल तर जावं, तेही बोलावलं तर. बाकीच्यांनी घरून प्रार्थना करावी. ती कमी आहे असं कोण म्हणतं?

बायबलमधला तो शोमरोनी आठवा, वाटेत लुटलेल्या परक्या माणसासाठी थांबलेला. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, आणि सकाळी तिथल्या माणसाच्या हातात रोख दोन दीनार ठेवले. जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. जरीची शेरवानी नाही दिली.

पैसे देताना पावती घ्या, हिशोब मागा, तीन महिन्यांनी परत विचारा. पाळक आहेत म्हणून विचारायचं नाही, असं नसतं.

स्टेपल काढायला शनिवारी संध्याकाळी पाच-सहा जण हवेत. पिना साबणात रुतल्यात, सांभाळून काढाव्या लागतील. ते खोकं हॉलच्या दाराशी ठेवलंय, ज्यांचं असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर घेऊन जावं. आणि उजवी सँडल कोणाच्या घरी पलंगाखाली असेल तर त्यांनीही.