कुंभारीण, अळी आणि दशावतार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, तीन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ही नाही.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की दशावतार म्हणजे उत्क्रांतिवाद नव्हे. त्यावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. डार्विनशी भांडण ख्रिश्चनांचं, आपलं नाही. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन हा क्रम आपल्या पूर्वजांनी कधीच सांगून ठेवला होता आणि हाल्डेनसारख्या शास्त्रज्ञानेही त्याची दखल घेतली. आणि घरी दीड दिवसाचा गणपती आणणाऱ्या प्राणिशास्त्राच्या मास्तराने धर्माची टिंगल करू नये.

आमचा गणपती पाच दिवसांचा असतो. बाकी टिंगलीचं म्हणाल तर ‘दहा अवतारांत झुरळ कुठे आहे?’ हे माझं वाक्य खोडसाळ होतं. ते मागे घेतो.

पण झुरळाचा प्रश्न मागे घेत नाही. तुम्ही हाल्डेन यांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. हा मोठा माणूस, भारतात येऊन राहिला, इथला नागरिक झाला, १९६४ साली भुवनेश्वरला वारला. सृष्टीकडे पाहिलं तर निर्मात्याला ताऱ्यांचं आणि भुंगेऱ्यांचं भलतंच वेड असावं, असं त्यांनी मिस्कीलपणे लिहून ठेवलंय. खरंच आहे ते. नावं दिलेल्या भुंगेऱ्यांच्या जातीच चार लाखांच्या आसपास आहेत. दशावतारात माणसाकडे जाणारी एकच वाट दिसते. जीवसृष्टी म्हणजे फांद्या फुटत गेलेलं झाड, आणि आपण त्यातली एक डहाळी. कासव हा वराहाचा पूर्वज नव्हे. सरीसृपांची शाखा आणि सस्तन प्राण्यांकडे जाणारी शाखा ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, कासवं त्यानंतर कितीतरी काळाने आली. सिंहापासून माणूस झाला असं तर तुम्हीही म्हणणार नाही.

हा अर्थ जुना आहे म्हणता, तर तोही फार जुना नाही. डार्विनचा ग्रंथ आला १८५९ साली. थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी अवतारांत उत्क्रांती दाखवली ती १८७७ साली. त्याच्या चार वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त याच यादीतून इतिहास काढला होता. त्यांच्या मते आर्यांच्या टोळ्या माशासारख्या चपळ होड्यांतून आल्या, म्हणून त्यांच्या म्होरक्याचं नाव पडलं मत्स्य. यादी तीच, कुणाला तीत जीवशास्त्र दिसतं, कुणाला स्वारी. आणि यादी तरी कुठे पक्की आहे? नवव्या जागी कुणी बुद्ध मानतो, कुणी बलराम आठव्या जागी घालून क्रमच बदलतो, आणि आपल्याकडच्या जुन्या पंचांगांच्या चित्रांत तिथे चक्क विठोबा कमरेवर हात ठेवून उभा असतो. मला तो तिथे आवडतो. पण विटेवरचा विठोबा उत्क्रांतीची कुठली पायरी, ते मला वर्गात सांगता आलं नसतं.

आमच्या कोकणात जत्रेला रात्रभर दशावतार चालतो. आड दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, संकासुर वेद पळवतो, मालवणीत वाट्टेल ते बोलून लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी ते लहानपणापासून पाहिलंय. त्या खेळाला डार्विनच्या सही-शिक्क्याची कधी गरज पडली नाही.

भांडण ख्रिश्चनांचं म्हणता, तर तिथलं चित्रही इतकं सरळ नाही. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या तर्काच्या पलीकडे गेली असल्याचं मान्य केलं. विसाव्या शतकातले मोठे उत्क्रांतिशास्त्रज्ञ डॉबझान्स्की श्रद्धावान ख्रिश्चन होते. आणि आपल्याकडे? जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी सांगितलं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना मिळून निवेदन काढावं लागलं. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. तो का गेला यावर वाद घाला, पण आपलं भांडणच नाही असं आता म्हणू नका.

आता मला खरं बोलायचंय ते कुंभारीण माशीबद्दल.

तुमच्याही घराच्या भिंतीवर ती मातीचं इवलंसं मडकं करून गेली असेल. आमच्या वडिलांनी लहानपणी सांगितलेलं, ती अळीला आणून आत कोंडते, बाहेरून गुणगुणते आणि अळी भयाने तिचंच ध्यान करत करत कुंभारीण होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे. एकनाथांनी त्यावर टीका, म्हणजे ओवीबद्ध भाष्य, लिहिली. अळी आणि भृंगीचा, म्हणजे याच माशीचा, हा दृष्टान्त आपल्या संतांनी किती वेळा वापरला असेल, त्याला मोजदाद नाही.

नोकरीत असताना एकदा प्रयोगशाळेत मुलांसमोर मी ते मडकं फोडलं. आत चार-पाच हिरव्या अळ्या होत्या, नांगी मारून लुळ्या केलेल्या, जिवंत. आणि त्यांना खात असलेली कुंभारणीची पांढरी पिल्लू-अळी. अळीची कुंभारीण होत नाही. कुंभारणीचं पिल्लू अळी खाऊन मोठं होतं आणि मडकं फोडून बाहेर पडतं. माळकरी घरातला एक मुलगा मागून म्हणाला, “म्हणजे नाथांनी खोटं लिहिलं, सर?”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. तास संपल्याची घंटा झाली, सुटलो. आज विचारलं तर सांगेन : माशीबद्दल नाथ चुकले, जसे त्या काळातले सगळेच चुकले. पण ती ओवी माशीबद्दल नव्हतीच. मन ज्याचा ध्यास घेतं तसं होतं, हे सांगायला त्यांना भिंतीवरची माशी पुरली. मडकं फुटलं तरी ओवीला तडा जात नाही. मात्र उद्या कुणी म्हणालं, ‘नाथांना कीटकांचं रूपांतरण आधीच ठाऊक होतं’, तर तो ओवीही बिघडवतो आणि प्राणिशास्त्रही. तुमच्या दशावताराबद्दल माझी तक्रार एवढीच आहे.

इथवर जमतं. पुढे जमत नाही, तेही कबूल करतो.

कुंभारणीच्याच लांबच्या नात्यातल्या काही माश्या अळीच्या अंगातच अंडी घालतात. या माश्यांनी डार्विनची झोप उडवली होती. मे १८६०मध्ये त्याने आसा ग्रे या आपल्या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं की जिवंत अळ्यांना आतून खाण्यासाठीच दयाळू, सर्वशक्तिमान देवाने या माश्या मुद्दाम घडवल्या, हे मनाला पटवता येत नाही. माकडाबिकडाच्या वादापेक्षा हा प्रश्न जड आहे. नाथांना ज्या प्रकारच्या माशीत सायुज्य दिसलं, तिच्याच गोतावळ्यात डार्विनला देवाचं न्यायीपण सापडेना. ‘कर्म’ म्हणून तुम्ही हात झटकाल. त्या अळीचं कर्म काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या शेवटी नरदेह येतो, ही कल्पनाही डार्विनच्या नैसर्गिक निवडीच्या तत्त्वात बसत नाही. तिथे शेवट नाही, वर नाही, खाली नाही. गंमत म्हणजे आपला ‘उत्क्रांती’ हा शब्दच ‘वर जाणं’ सुचवतो. वर्गात निम्मा तास तो शब्द विसरायला लावण्यात जायचा.

त्याच डार्विनने १८७९ साली एका पत्रात लिहिलं की माणूस कडवा आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, याबद्दल शंका घेणं त्याला हास्यास्पद वाटतं. स्वतः मात्र तो तोवर अज्ञेयवादावर, म्हणजे ‘देव आहे की नाही हे कळू शकत नाही’ इथे, येऊन थांबला होता.

मी कुठे थांबलोय, हे तुम्ही विचाराल. अळीसाठी कुणीतरी काही योजून ठेवलं होतं, असं मी मानत नाही. आरतीला उभा राहतो. ‘घालीन लोटांगण’ला आवाज भरून येतो, तो का येतो याचं स्पष्टीकरण मी डार्विनकडे मागत नाही आणि डार्विन बरोबर की चूक हे गणपतीला विचारत नाही. तुम्हाला हे दोन दगडांवर पाय ठेवणं वाटेल. वाटू दे.

यंदा मखर लावताना पडवीच्या कोपऱ्यात नवं मडकं दिसलं. सून झाडायला निघाली होती. राहू दे म्हटलं.