गाठोड्यात प्रेत नव्हतं

आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड काल माझ्या भाचीने वाचला. ती मिनेसोटात पाचवीला आहे, तिच्या बाकावर एक चिपेवा, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ रहिवासी जमातीची, मुलगी बसते, म्हणून गप्प बसवत नाही. फॉरवर्डमध्ये एक जुनं रंगीत चित्र आहे, छातीशी गाठोडं धरलेली बाई, आणि खाली लिहिलंय की चिपेवा विधवा नवऱ्याचं प्रेत बांधून जन्मभर फिरायची, पोरांना शिक्षा म्हणून फळीला बांधायचे, अंगावर फक्त कातडं नि पिसं, आणि हे चित्र म्हणजे डोळ्यांदेखतचा पुरावा. वर 'किती रानटी!'

प्रेत कुठून काढलं? १८२६ साली फाँ द्यू लाक इथे, म्हणजे मिनेसोटातल्या आजच्या डुलुथजवळ, अमेरिकन सरकार आणि चिपेवा यांच्या तहाच्या वेळी थॉमस मकेनी हा अमेरिकन सरकारी अधिकारी हजर होता, त्याने अशा बायका स्वतः पाहिल्या, विचारलं आणि लिहून ठेवलं. नवरा गेला की बाई आपले चांगले कपडे काढून त्यांची गुंडाळी करायची, नवऱ्याच्या कमरपट्ट्यांनी बांधायची, त्याचे दागिने असले तर वर लावायची. बस, कपडे! हां, त्या गाठोड्याला 'नवरा' म्हणायचे आणि त्याच्याशिवाय तिने दिसू नये अशी अपेक्षा होती, एवढं खरं, ते मी नाकारत नाही. पण भेटवस्तू वाटल्या जायच्या तेव्हा त्या गाठोड्यालाही माणसासारखा वाटा मिळायचा, आणि साधारण वर्षाने सासरची माणसं येऊन ते घेऊन जायची, मग दुसरं लग्न करायला ती मोकळी. जन्मभर नाही, वर्षभर. त्याच काळात आपल्याकडे विधवांचं केशवपन चालू होतं, तेव्हा रानटी कुणाला म्हणतो ते जरा बघा.

फळीचं म्हणाल तर ती शिक्षा नव्हे, तान्ह्या बाळाचा पाळणा आहे. त्याला दिकिनागन म्हणतात. बाळाच्या खाली मऊ शेवाळ, डोक्याला मार बसू नये म्हणून पुढे लाकडी कमान, आणि आई काम करत असताना उभं टेकवून ठेवलं की बाळ सगळं बघत राहतं.

कपडे: कातडं होतंच, पण एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांकडून आलेलं लोकरी कापड, छापील सुती कापड, रिबिनी, काचेचे मणी, चांदीचे दागिने सर्रास वापरात होते. ईस्टमन जॉन्सन या अमेरिकन चित्रकाराने १८५७ ला मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजला काढलेली चिपेवांची चित्रं बघा, ब्लँकेट पांघरलेली साधी माणसं दिसतात.

आणि पुरावा म्हणे! फॉरवर्डमधल्या त्या चित्रासाठी जेम्स ऑटो लुईस या चित्रकाराने त्याच तहाच्या गर्दीत स्केच केलं, त्यावरून चार्ल्स बर्ड किंग या दुसऱ्या चित्रकाराने वॉशिंग्टनमध्ये बसून पुन्हा चित्र रंगवलं, त्यावरून लिथोग्राफ म्हणजे शिळाछापाचं चित्र छापून हाताने रंग भरले. किंगची अशी बहुतेक मूळ चित्रं १८६५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संग्रहालयाच्या आगीत जळून गेली. म्हणजे तुमच्या मोबाईलवर आहे ती नकलेची नक्कल.

आत्या, तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट कर, आणि जिथून आला तिथेही हे पाठव.