एप्रिलमध्ये परत आलेलं लेकरू कुठं बसतं?

आमच्या बीड जिल्ह्यातली एखादी शाळा कशी आहे हे बघायचं असेल तर जूनमध्ये जाऊ नका. जूनमध्ये सगळ्याच शाळा गोड असतात. फुगे, गुलाबाची फुलं, पहिलीच्या पोरांची बैलगाडीतून मिरवणूक आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फोटोंचा पाऊस. जायचंच तर मार्च-एप्रिलमध्ये जा. साखर कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, म्हणजे हंगाम संपलेला असतो, आणि उसाच्या फडावरून ऊसतोड मजुरांचे संसार भरलेले ट्रॅक्टर परतायला लागतात. दिवाळीच्या आसपास आईबापासंगं ऊसतोडीला गेलेलं लेकरू त्या आठवड्यात वर्गात पाय ठेवतं. त्याला कुठं बसवलं, हजेरीत त्याचं नाव आहे का लाल शाईनं कापलंय, त्याच्याशी आधी कोण बोललं, एवढं बघितलं की शाळा कळते. भिंतीवर काय रंगवलंय ते वाचायची गरज पडत नाही.

मी गुरुजी नाही. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पण शाळेनं दारातून परत पाठवलेला माणूस आधी माझ्याच काउंटरवर येतो, म्हणून लिहायलोय. "दादा, नाव कटलंय म्हणायलेत. तिकडच्या शाळेचा दाखला आणा म्हणत्यात. तिकडं कुठली आलीय शाळा, पालावर होतं लेकरू." हे वाक्य दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतं.

आता कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर त्याहून नाही. कलम 14 म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही. कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही. आणि कलम 4 प्रमाणे त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढायचा आहे. म्हणजे पाचवीच्या वयाच्या पोरीला "हिला काही येत नाही" म्हणून दुसरीच्या लेकरांत नेऊन बसवणं हे सरळ कायद्याविरुद्ध आहे. या चार कलमांची प्रिंट मी काढून ठेवलीय. फुकट देतो. बऱ्याच वेळा तो कागद दाखवला की दाखल्याचा विषय तिथंच मिटतो, म्हणजे अडचण कागदाची नव्हतीच!

हंगामी वसतिगृहाची योजना चांगली आहे. आईबाप फडावर, लेकरू गावात आजीजवळ, जेवणाची सोय शाळेकडून. पण ट्रॅक्टर मंजुरीची वाट बघत थांबत नाही. दिवाळीनंतर कागद फिरायला लागले तर तोवर लेकरू आईच्या मांडीवर बसून घाट उतरलेलं असतं.

आमच्या भागातल्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगतो, नाव सांगणार नाही, त्यांना आवडायचं नाही. चौथीत एक पोरगा फडावरून परत आला. धडा वाचायला उठवला की अडखळायचा आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. बाईंनी त्याच्या बापाकडून कारखान्याच्या वजनकाट्याची पावती मागवली आणि फळ्यावर उतरवली. भरलेलं वजन 18 टन 640 किलो, रिकामं 6 टन 290. निव्वळ ऊस किती? वर्गानं पाट्या काढल्या, बोटं मोजायला सुरुवात केली. ह्यानं जागेवरूनच सांगितलं, 12 टन 350. मग टनाच्या दरानं गुणून तोडणी किती झाली, मुकादमाचं कमिशन किती, उचलीतून, म्हणजे आधी घेतलेल्या आगाऊ पैशातून, किती फिटले, सगळं फळ्यावर मांडून दाखवलं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आई बाजार कसा करायची तेही सांगितलं. ह्यानं त्याचं वाचन सुधारलं का? नाही, अजून रखडतंच. पण दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, तिसऱ्या दिवशीही आला. आमच्याकडं खरं अवघड तेच असतं.

बंजारा तांड्यावरच्या लेकरांचं दुखणं आणखी वेगळं. घरात गोरमाटी ही त्यांची बोली, शाळेत एकदम पुस्तकी मराठी. पहिलीतलं पोर महिनोन्महिने तोंड उघडत नाही, मग "मुकंच दिसतंय" असा शेरा बसतो. मराठवाड्याच्या माणसाला तरी हे समजायला पाहिजे राव. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांना वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागलं, हे आपण दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात ऐकतो. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, जिथं मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं, त्या शाळांचा आपल्याला अभिमान आहे. परक्या भाषेत शिकण्याचा अन्याय आपल्याला एवढा कळतो, तर तांड्यावरच्या सहा वर्षांच्या पोरीला पहिले काही महिने तिच्या भाषेत दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? गुरुजींना येत नसेल तर तांड्यावरची दहावी शिकलेली एखादी ताई सकाळी तासभर येऊन बसू शकते. कित्येक जणी आनंदानं येतील.

अपंग लेकरांबद्दल कायदा 2016 चा आहे. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण आमच्याकडं शाळेनं ओळखलेला प्रकार एकच, पायाचा, आणि उपाय एकच, रॅम्प. तोही कसा, तर घसरगुंडी! एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते हा साधा हिशेब, आणि आमच्याकडं चार फुटांत उरकलेला. वर मोटारसायकली लावलेल्या. कमी ऐकू येणाऱ्या पोरीला तर रॅम्पचा काही उपयोग नाही. तिला एवढंच हवं असतं की सरांनी फळ्याकडं तोंड करून शिकवू नये, म्हणजे तिला ओठ दिसतील. याला ना निधी लागतो ना टेंडर.

शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी इंग्रजी शाळांत गरीब आणि वंचित लेकरांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचं थोडक्यात सांगतो. नियम बदलून खासगी शाळांना यातून सूट द्यायचा प्रयत्न 2024 मध्ये झाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही, पुढं सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. कोर्टानं जागा वाचवल्या, पण वर्गात "आरटीईवाले हात वर करा" म्हणणाऱ्याचं तोंड कोर्ट कसं धरणार?

गुरुजींची बाजू मला दिसत नाही असं नाही. साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन, वर्ग चार-पाच, वरून निवडणूक, सर्वेक्षण, रोजची ऑनलाइन माहिती. ती माहिती भरायला काही जण रात्री आठला माझ्याच दुकानात येतात. काही पालकही म्हणतात, "असल्या पोरांमुळं आमची मागं पडतात." मला हे पटत नाही. पावतीच्या त्या गणितानं वर्गातल्या कुणाचं नुकसान झालं?

माझं मागणं शाळा व्यवस्थापन समितीकडं आहे. कायद्यानं तिच्यात 75 टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित गटातल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा असते. पण फडावर गेलेल्या माणसाच्या सह्या घरपोच रजिस्टर नेऊन घेतल्या जातात, नाहीतर त्याचा पुतण्या करतो. तेव्हा एक सभा कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, परत आल्यावर घ्या, एप्रिलमध्ये, संध्याकाळी सातनंतर. इतिवृत्त मोठ्यानं वाचा. नाव कापलेल्या लेकरांची यादी त्याच सभेत करा आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पाठवा. फॉर्म, झेरॉक्स, फोटो, सगळं माझ्याकडून. फक्त येताना आधार कार्ड आणा, नसलं तरी या.