फोंड्याच्या वाचकांना उत्तर : सहा मॉनिटरना छोटं कार्ड का पुरतं

नमस्कार. डिचोलीच्या एका तरुण ट्रेडरला सहा मॉनिटरचं मशीन सुचवलं होतं, त्या लेखावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तिथेच चार ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून इथे वेगळं लिहितो. तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली नुसतं ‘फोंडा’ लिहिलंय. इतकं बारकाईनं वाचलंत, देव बरें करूं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी : मी सुचवलं होतं इंटेल आय-५ १२४००, ३२ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ए४०० हे छोटं ग्राफिक्स कार्ड. चार मॉनिटर कार्डावर, उरलेले दोन मदरबोर्डच्या पोर्टवर. तुमचं म्हणणं असं की ए४०० ‘ऑफिसात एक्सेल बघायचं’ कार्ड आहे. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ४०६० ला पण चारच पोर्ट असतात, मग ताकदवान तेच का घेऊ नये? तुमच्या मते ट्रेडिंगमध्ये मिलिसेकंदाला किंमत असते आणि सव्वानऊला, बाजार उघडताना, चार्ट अडकला तर पैसे जातात. कार्ड आणि मदरबोर्डचं ग्राफिक्स एकत्र चालवणं म्हणजे आफत ओढवून घेणं. आणि सहा मॉनिटरचा पसारा मांडण्यापेक्षा भिंतीवर दोन मोठे फोर-के टीव्ही लावावेत.

आधी मिलिसेकंदाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. तुम्ही ‘बाय’ दाबता तेव्हा ऑर्डर तुमच्या राउटरमधून ब्रोकरच्या सर्व्हरवर आणि तिथून एक्सचेंजकडे जाते. त्या वाटेवर ग्राफिक्स कार्ड कुठेच लागत नाही. उलट दिशेनं भाव येतो तो ब्रोकरच्या फीडमधून, आणि किरकोळ ग्राहकाला तो सेकंदाला मोजक्याच वेळा ताजा होऊन मिळतो. साठ हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, म्हणजे फीडपेक्षा कितीतरी लवकर. कार्ड चौपट ताकदीचं घातलंत म्हणून भाव लवकर पोचत नाही. मिलिसेकंदाची खरी शर्यत मुंबईत एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) को-लोकेशनमध्ये, म्हणजे एक्सचेंजच्याच जागेत ठेवलेल्या यंत्रांवर चालते, आणि तिथल्या यंत्रांना समोर मॉनिटर ठेवून चार्ट बघायची गरज नसते.

आता सव्वानऊला अडकणारा चार्ट. तो अडकतो, हे मी स्वतः पाहिलंय. तो का अडकतो यावरच आपलं जमत नाही. तुमच्याकडे हे मशीन असेल तर उद्या बाजार उघडताना एक करून बघा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. डावीकडे प्रोसेसर आणि जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स) दोन्ही दिसतील. प्रोसेसरच्या आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दिसेल असं करा. मग क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, म्हणजे क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल आणि कुठली टॅब किती खाते ते ओळीनं दिसेल. म्हापशाच्या एका ट्रेडरच्या टेबलाशी बसून मी हेच पाहत होतो. बाजार उघडला, जीपीयूचा आलेख तळाशीच सरपटत राहिला, आणि एक कोअर एकदम माथ्याला जाऊन चिकटला. क्रोमच्या यादीत सगळ्यात वर होती ऑप्शन चेनची, म्हणजे वेगवेगळ्या ठरीव भावांच्या (स्ट्राइकच्या) ऑप्शनच्या यादीची टॅब. शेकडो आकड्यांचा तक्ता, त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा एकाच वेळी बदलतोय, आणि ते सगळं काम त्या टॅबचा एकच धागा (थ्रेड) एका कोअरवर करतोय. ती टॅब बंद केली, स्ट्राइक कमी करून पुन्हा उघडली, आणि शेजारच्या मॉनिटरवरचा चार्ट मोकळा झाला. कार्डाला हातही लावला नव्हता.

म्हणून मी पैसे प्रोसेसर आणि रॅमकडे वळवायला सांगतो. एकेका कोअरचा वेग चांगला असावा आणि रॅम भरपूर असावी. टॅब रॅममध्ये मावल्या नाहीत की विंडोज त्या एसएसडीवर ढकलतं आणि नेमक्या घाईच्या वेळी सगळं जड होतं. बॅकटेस्टिंगचं, म्हणजे जुन्या भावांवर आपली पद्धत तपासून बघण्याचंही तेच. ॲमीब्रोकर हे चार्टचं सॉफ्टवेअर ते प्रोसेसरवर करतं, कार्डाकडे त्यासाठी बघतसुद्धा नाही.

ए४०० वर किती ओझं पडतं तेही सांगतो. चार फुल-एचडी मॉनिटर म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, एका फोर-के पडद्याइतकेच. एका मॉनिटरचं एक पूर्ण चित्र आठ-साडेआठ एमबीत बसतं. कार्डावर ४ जीबी मेमरी आहे. ब्राउझरच्या खिडक्या धरल्या तरी तिथे जागा उरते. ४०६० मध्ये ३०७२ कोअर आहेत आणि ए४०० मध्ये ७६८, हा तुमचा आकडा बरोबर आहे. पण ते कोअर मुख्यतः त्रिमितीय दृश्यं रंगवण्यासाठी असतात. चार्टावरची कँडल म्हणजे एक चौकोन आणि दोन रेघा.

तुम्ही रात्री गेम खेळत असाल, लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असाल, किंवा तीन-चार फोर-के मॉनिटर १४४ हर्ट्झवर चालवायचे असतील, तर बेलाशक ४०६० घ्या. मी पण तेच सांगेन. डिचोलीच्या मुलाला यातलं काही करायचं नव्हतं. त्याला एमसीएक्स (सोनं, क्रूड वगैरेंचा वायदेबाजार) आणि निफ्टीचे ऑप्शन बघायचे होते, आणि त्याचा डबा होता कंपनीतून निघालेला जुन्या धाटणीचा अरुंद कॅबिनेट. त्यात नेहमीच्या आकाराचं ४०६० मावत नाही. मावलं असतं तरी त्याला एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वेगळी वायर लागते आणि त्या डब्यात ती नव्हतीच. ए४०० पन्नास वॅटचं आहे. कार्ड बसतं तो मदरबोर्डचा स्लॉट स्वतःच ७५ वॅट देतो, त्यामुळे वेगळी वायर लागत नाही. दरही ४०६० च्या बराच खाली. वाचलेले पैसे त्यानं मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांसाठी ब्रोकरकडे ठेवायच्या रकमेसाठी ठेवले, आणि मला ते मनापासून आवडलं. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली तिच्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. या धंद्यात नव्या मुलाचा एकेक रुपया जपायला हवा.

कार्ड आणि मदरबोर्डचं ग्राफिक्स एकत्र चालवण्याची तुम्हाला भीती वाटते. इंटेल आणि एनव्हिडिया एकत्र असलेले लॅपटॉप घरोघरी चालतात, तेच इथे टेबलावर होतं. अडचण आलीच तर बहुतेक वेळा ती बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधली असते. कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात. बायोसमध्ये आयजीपीयू (प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) मल्टि-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो चालू करायचा. आणि प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना हे बघायचं. १२४००एफ स्वस्त पडतो, कारण त्यात ग्राफिक्सच नसतं. मग मदरबोर्डची पोर्टं नुसती शोभेची.

खरी आफत दुसरीकडे आहे, आणि ती तुम्ही सुचवलेल्या पर्यायात लपली आहे. ‘४०६० सोबत जुनं जीटी ७१० लावलं की झाले सहा मॉनिटर’ असं तुम्ही लिहिलंय. हे करू नका. एकाच विंडोजमध्ये एनव्हिडियाची दोन्ही कार्डं चालायची तर दोघांना सांभाळणारा एकच ड्रायव्हर हवा. ७१० केप्लर पिढीचं, त्या पिढीचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. ४०६० ला लागणारा ड्रायव्हर त्यानंतरचा. दोघांची गाठच पडत नाही. जीटी १०३० किंवा क्वाड्रो पी६२० सेकंडहँड घेणाऱ्यांनीही जपून राहावं. ती पास्कल पिढीची आहेत, आणि जीफोर्सच्या त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबलेत. जुनंच घ्यायचं असेल तर टी६०० किंवा टी१००० बघा. दोन्हींना चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत आणि दोन्ही पन्नास वॅटच्या आत चालतात.

वायरींचं एक सांगतो, कारण दुकानात पैसे इथेच वाया जातात. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही वायर एकाच दिशेनं चालते : कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावली की पडदा काळाच राहतो आणि माणूस कार्डाला दोष देतो. शक्य असेल तर मॉनिटरच डिस्प्लेपोर्टवाले घ्या आणि सरळ मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट वायर लावा. आणि स्वस्त एचडीएमआय स्प्लिटरनं दोन वेगळे पडदे मिळत नाहीत, एकच चित्र दोन ठिकाणी दिसतं.

टीव्हीची तुमची कल्पना मात्र मला विचार करण्यासारखी वाटली. ४३ इंची फोर-के पडदा म्हणजे साडेएकवीस इंची चार फुल-एचडी मॉनिटर एकमेकांना चिकटवल्यासारखा. पिक्सेल तेवढेच, अक्षराचा आकार तोच, मधल्या पट्ट्या नाहीत, आणि पोर्ट एकच जातं. मॉनिटर म्हणून विकला जाणारा ४३ इंची पडदा परवडत असेल तर जरूर घ्या. टीव्ही घेताना मात्र एक तपासा. बरेच टीव्ही रंगांची माहिती काटछाट करून दाखवतात : उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग चार पिक्सेलना मिळून एक. सिनेमात ते कळत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल आकडा असला की कडा फुटतात, तीन आहे की आठ ते जवळ वाकून बघावं लागतं. आणि ट्रेडरच्या पडद्यावर लाल-हिरव्याशिवाय दुसरं असतं काय? काही टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की हे सुधारतं. दुकानातच लॅपटॉप जोडून, काळ्यावर लाल बारीक आकडे उघडून बघा, मग पैसे द्या. एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर फोर-के फक्त ३० हर्ट्झ मिळतं आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. त्यामुळे कार्डावर आणि टीव्हीवर दोन्हीकडे २.० हवं.

तुमच्या प्रतिक्रियेत पावसाचा उल्लेख नाही, आणि गोव्यात हे मशीन मांडायचं तर त्याचा विचार आधी करावा लागतो. एमसीएक्स रात्री साडेअकरापर्यंत चालतं, अमेरिकेतल्या हिवाळ्यात ११:५५ पर्यंत. मृगाच्या आधीचा वळवाचा आणि चवथीनंतरचा परतीचा पाऊस आपल्याकडे संध्याकाळी विजा घेऊनच येतो. लाईट जाते ती नेमकी क्रूड किंवा सोन्यात पोझिशन उघडी, म्हणजे सौदा अजून मिटवलेला नसताना. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवरची असते, हातात त्याहून बरंच कमी पडतं. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण वीस वॅट खातो, म्हणजे सहा मॉनिटर मिळून शंभरच्या वर. चार्ट दाखवताना ४०६० काही ११५ वॅट ओढत नाही, त्यामुळे इथे कार्डापेक्षा मॉनिटरचं ओझं मोठं आहे. म्हणून यूपीएसवर तीनच गोष्टी ठेवायच्या : मशीन, मधला एक मॉनिटर, आणि फायबरचा डबा राउटरसकट. बाकीचे पाच मॉनिटर साध्या बोर्डावर. राउटर विसरला तर पडदा चालू आणि ऑर्डर बंद, अशी गत होते.

यात एक बारकावा आहे. बाजूचे मॉनिटर विझले की विंडोज त्यांच्यावरच्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर आणून टाकतं. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त जाणवतं, कारण मॉनिटर बंद झाला म्हणजे तो काढून नेला असंच कार्ड समजतं. म्हणून ऑर्डरची खिडकी कायम मधल्या मॉनिटरवर, आणि मधला मॉनिटर मेन डिस्प्ले म्हणून निवडलेला. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरप्रमाणे खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे. तो चालू असेल तर लाईट आल्यावर खिडक्या बहुतेक आपापल्या जागी जातात. हे सगळं एखाद्या रविवारी मेन स्विच पाडून करून बघा. उघड्या पोझिशनवर पहिल्यांदा बघायची ही गोष्ट नाही. कडाडायला लागलं की इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा, आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या कौलारू घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला मागे काही जोडलेलंच नसतं असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमच्याकडे आधीच घेतलेलं ४०६० आहे, तर ते विकून ए४०० घ्यावं का. नको. ते चार मॉनिटर व्यवस्थित चालवेल. त्याच्या पोर्टमध्ये बहुतेक एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट असतील, आणि उरलेले दोन मदरबोर्डवर जातील, फक्त प्रोसेसर ‘एफ’वाला नसावा. मदरबोर्डचं मॉडेल आणि प्रत्येक मॉनिटरला मागे कुठली पोर्टं आहेत ते इथेच खाली लिहा, कुठली वायर कुठे लावायची ते मी सांगतो.